घरच्या छोट्या वर्कशॉपला डस्ट कलेक्टर घेऊ की व्हॅक्युमवर भागेल?

सुतारपक्षी_पुणे
नमस्कार मंडळी. सोसायटीत तळमजल्याला माझं बंद गॅरेज आहे, साधारण १० बाय १४, तिथे शनिवार-रविवार लाकूडकाम करतो. आत्तापर्यंत जिगसॉ, हँड राउटर आणि ऑर्बिटल सँडर (घासायचं मशीन) एवढीच हातातली मशीनं होती, संध्याकाळी झाडू मारला की विषय संपला. आता १० इंची टेबल सॉ (टेबलात बसवलेली करवत) आणलाय आणि दिवाळीपर्यंत थिकनेस प्लेनर (फळी एकसारख्या जाडीची करणारं रंधा मशीन) घ्यायचा डोक्यात आहे, पण भुशाने जीव नकोसा केलाय, स्कूटरवर भुसा, मीटरच्या पेटीवर भुसा, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा (त्या अजून गोड बोलतात, किती दिवस माहीत नाही). काम जास्त करून जुन्या दारं-खिडक्यांच्या सागाचं आणि प्लायचं, मधेच एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड). दुकानदार म्हणतो डायरेक्ट २ एचपीचा कलेक्टर (पंख्याने भुसा ओढून बॅगेत भरणारं मशीन) घ्या, पुन्हा बघायला नको. बजेट २५ हजार, थोडं ताणता येईल. गॅरेजमध्ये १६ अँपचा एकच पॉइंट आहे. काय घेऊ?

रविवारचा_रंधा
एचपी नंतर बघू, आधी तुमची कुठली मशीन काय बाहेर टाकते ते बघा. व्हॅक्युम आणि कलेक्टर ही एकाच वस्तूची लहान-मोठी साइझ नाहीये, दोघांचं काम वेगळं आहे. व्हॅक्युम ओढतो जोरात पण हवा थोडी, शंभर-सव्वाशे सीएफएम (मिनिटाला घनफूट) फार तर. कलेक्टरचं उलटं, हवा भरपूर पण ओढ कमी. त्यामुळे सँडरच्या त्या सव्वा इंची तोंडाला तुम्ही कलेक्टर लावलात तर तो नुसता घुमत बसणार, एवढ्याशा भोकातून हवा खेचायची ताकदच त्याच्यात नाही. आणि प्लेनरला व्हॅक्युम लावलात तर एक फळी पूर्ण जायच्या आत ढलप्यांनी होज (नळी) तुंबतो, मग मशीन बंद करा, होज काढा, काठी घाला.

आज तुमच्याकडे जे आहे त्याला, म्हणजे सँडर, राउटर, जिगसॉ, चांगला वेट-ड्राय (ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा) व्हॅक्युम हेच उत्तर आहे. घेताना दोन गोष्टी बघा, आत कापडी म्हणजे फ्लीसची बॅग बसते का (कागदी बॅगेपेक्षा पुष्कळ टिकते) आणि मशीनवरच टूलचा सॉकेट आहे का, म्हणजे सँडर चालू केला की व्हॅक्युम आपोआप चालू. बॉशच्या 'गॅस १५ पीएस' या व्हॅक्युमला तो सॉकेट आहे. ही सोय नसेल तर माणूस चार दिवस व्हॅक्युम लावतो, नंतर "एवढंसंच तर घासायचंय" म्हणून सोडून देतो.

टेबल सॉ मधला प्रकार. खालून व्हॅक्युमने बऱ्यापैकी निघतं, पण पात्याच्या वरून जे तोंडावर उडतं ते खालच्या पाइपाला सापडतच नाही, त्याला पात्याच्या गार्डवर वेगळं तोंड लागतं. प्लेनर येईपर्यंत कलेक्टर घेऊच नका असं माझं मत.

डक्टवाला_चिंचवड
वरच्यांशी सहमत. माझं रोजचं काम कारखान्यातल्या डक्टचं आहे म्हणून आकडे सांगतो. लाकडाचा भुसा पाइपात खाली न बसता वाहत राहायला हवेचा वेग मिनिटाला ४००० फूट धरतात. ४ इंची पाइपातून त्या वेगाने जाते साधारण ३५० सीएफएम, ६ इंचीतून ७८५ च्या आसपास. म्हणजे डब्यावर हजार-बाराशे सीएफएम छापलेला २ एचपीचा कलेक्टर आणून त्याला ४ इंची होज लावलात तर पैसे दोनाचे आणि काम एकाचं. छापलेला आकडा बहुतेक वेळा बॅग, पाइप काही न लावता उघड्या पंख्याचा असतो हेही लक्षात ठेवा.

आता तुमचा एकुलता एक पॉइंट. १६ अँप गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ३६८० वॉट. २ एचपीची मोटर दीड किलोवॉट, टेबल सॉ बहुतेक दीड ते दोन किलोवॉट, कागदावर बसतंय, पण मोटर उठताना नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट घेते, एमसीबी पडू शकतो. आणि एक्स्टेंशन बोर्डवर दोन्ही चालवायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या. इलेक्ट्रिशियनला बोलवून डीबीतून (एमसीबींच्या पेटीतून) वेगळी लाइन ओढून घ्या, वायर जाड, त्याला स्वतंत्र एमसीबी. हा खर्च २५ हजारात धरा, लोक धरत नाहीत.

पाइपासाठी बाथरूमवाल्यांचा ११० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप) बेस्ट, कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतो. ४ इंची होज त्याच्यावर सरळ चढत नाही, मधे अडॅप्टर लागतो. ९० अंशाचा एल्बो (वळणाचा जोड) टाळा, ४५ चे दोन लावा, टी आकाराच्या जोडाऐवजी वाय आकाराचा. तो वळ्यावळ्यांचा फ्लेक्झिबल होज शेवटच्या हातभर अंतरालाच, त्याच्यात घर्षण गुळगुळीत पाइपाच्या दुप्पट-तिप्पट. १० बाय १४ च्या खोलीला खरंतर फिक्स पाइपलाइन लागतच नाही, कलेक्टरला चाकं लावा आणि मशीनजवळ ओढा.

कोकणचो_सुतार
एवढा सगळा कशाला हो. आमचे आजोबा जन्मभर रंधा मारत होते, नाकाला रुमालसुद्धा नाही, नव्वदीपर्यंत ठणठणीत. शेड उघडी ठेवा, वारा आपला भुसा घेऊन जातो.

रविवारचा_रंधा
@कोकणचो_सुतार आजोबांना नमस्कार, पण हातरंधा ढलपी काढतो हो, धूळ नाही. ढलपी खाली पडते, झाडूने गोळा होते, फुफ्फुसात जात नाही. सँडर आणि टेबल सॉ जे उडवतात त्याच्यातलं डोळ्याला दिसतं तेवढंच नाही, १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं जे तासन् तास हवेत तरंगतं ते जास्त वाईट. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या (आयएआरसी) यादीत १९९५ पासून ग्रुप १ मध्ये आहे, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत, नाक आणि सायनसचा. एमडीएफमध्ये वरून फॉर्मल्डिहाइडचं रेझिन. सागाने तर काहींच्या हाताला पुरळ येतं ते वेगळंच.

रात्री लाइट बंद करून पाच मिनिटं सँडिंग झाल्यावर हवेत टॉर्च मारून बघा. झाडून लख्ख केलेल्या खोलीत प्रकाशाच्या पट्ट्यात जे फिरताना दिसेल ते बघून मास्क आपोआप घालाल. आणि मशीन बंद झाल्याबरोबर काढायचा नाही, धूळ अजून तिथेच असते. साधा एन९५ पण चालतो, फक्त दाढी असेल तर कडेने हवा शिरते.

टोरांटोकर
मी इथे बेसमेंटमध्ये काम करतो म्हणून एक मुद्दा. अमेरिका-कॅनडाचे व्हिडिओ बघून लोक महागड्या प्लीटेड कॅनिस्टर (घड्या घातलेल्या, डब्यासारख्या) फिल्टरच्या मागे लागतात, त्याचं एक मोठं कारण थंडी. इथे हवा बाहेर सोडली तर पैसे देऊन गरम केलेलं घर मिनिटांत गार, म्हणून तीच हवा गाळून परत आत सोडावी लागते आणि मग गाळणं एकदम बारीक हवं. पुण्यात हा प्रश्नच नाही! मागच्या भिंतीला भोक पाडून कलेक्टरची हवा बाहेर सोडा, कलेक्टरने ओढलेली बारीक धूळ आत परत येणार नाही. स्वस्त कलेक्टरची कापडी बॅग बहुतेक ३० मायक्रॉनची असते, म्हणजे ढलप्या अडवते आणि नेमकी फुफ्फुसात जाणारी धूळ खोलीत परत फवारते. तसली बॅग लावून कलेक्टर खोलीत चालवण्यापेक्षा काहीच न लावलेलं बरं असं मला वाटतं.

सुतारपक्षी_पुणे
सगळ्यांचे आभार, दुकानदाराकडे जाऊन आलो असतो तर २ एचपी घरी आला असता. टोरांटोकर, मागच्या भिंतीपलीकडे काकूंची बाल्कनी आहे 😅 ते जमणार नाही. मग आता व्हॅक्युम, त्याच्यापुढे सायक्लोन (हवा फिरवून भुसा बादलीत पाडणारा सेपरेटर) आणि मास्क, प्लेनर आला की १ मायक्रॉनच्या बॅगेचा १ एचपी, असं ठरवतोय. सायक्लोनचं प्लास्टिकचं नरसाळं ऑनलाइन मिळतं, ते रंगाच्या २० लिटरच्या बादलीवर बसवलं तर चालतं का? आणि एवढ्या भुशाचं करायचं काय?

डक्टवाला_चिंचवड
बादली चालते, पण पातळ असेल तर होज चुकून तुंबला की व्हॅक्युम तिला आत खेचून पार चेपटी करतो, म्हणून जाड घ्या किंवा एकात एक दोन घाला. झाकणाला सगळीकडून सिलिकॉन किंवा फोमची पट्टी, जरा जरी खालून हवा शिरली तर भुसा बादलीत न बसता सरळ फिल्टरवर जातो. होजला हात लावल्यावर स्थिर विजेचा चटका बसत असेल तर होजच्या बाजूने तांब्याची वायर सोडून अर्थिंगला जोडा. घरगुती पाइपात स्फोट होईल ही भीती डोक्यातून काढा, तो धोका कारखान्याच्या प्रमाणात. तुमची खरी भीती जुन्या सागातले खिळे. साध्या कलेक्टरमध्ये सगळा माल पंख्यातूनच जातो, खिळा पंख्याच्या पात्याला लागला, ठिणगी पडली आणि ती भुशाच्या बॅगेत गेली तर तासाभराने धूर दिसेल, तोवर तुम्ही जेवायला गेलेले असाल. त्यामुळे फळी मशीनला लावण्याआधी चुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवा आणि १ एचपी आला तरी त्याच्याआधी सेपरेटर ठेवाच.

कोकणचो_सुतार
भुसा नुसत्या सागाचा, आंब्या-फणसाचा असेल तर चुलीला, नाहीतर खताच्या खड्ड्यात थोडा थोडा. प्लाय-एमडीएफचा गोठ्यात नको आणि खतात पण नको, त्याच्यात गोंद असतो. आणि जवसाच्या तेलाची चिंधी भुशाच्या पिशवीत टाकू नका, आपोआप पेटते. ती दोरीवर पसरून वाळवा. पावसाळ्यात बॅग दर आठवड्याला रिकामी करा नाहीतर आत बुरशी धरते, हे मात्र आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे.