मदत हवी आहे : गाजरगवताच्या खर्चात सरकार, ग्रामपंचायत आणि शेजारी यांचा वाटा कसा मिळवायचा? (पारशिवनी, जि. नागपूर)

पेंचकाठ

नमस्कार मंडळी. पारशिवनी तालुक्यात साडेचार एकर वावर, सातबारा वडिलांच्या नावावर. दोन एकर पऱ्हाटी (कपाशी)-तूर, अर्धा एकर संत्रा, बाकी दोन एकर पडीत. पडितात आणि धुऱ्यांवर (बांधांवर) गाजरगवत माजलंय. एका अंगाला कालव्याची मायनर (लहान फाटा), दुसऱ्या अंगाला पांदण (शेतरस्ता), तिसऱ्या अंगाला नागपूरला राहणाऱ्या मालकाचं तीन एकर पडीक. आपलं काढून झालं की या तिन्ही बाजूंनी पुन्हा बी येतं, म्हणजे मजुरी दरवर्षी तितकीच.

विचारायचं असं :

१) गाजरगवत काढण्यासाठी जमीनमालकाला थेट अनुदान मिळतं का? अमेरिकेत निम्मा खर्च सरकार देतं असं ऐकलं.
२) ब्रश कटर (गवत-झुडपं कापायचं यंत्र) अनुदानावर घ्यावा का?
३) मायनर, पांदण आणि शेजारचं पडीक यांचा खर्च कोणाकडून, कसा मागायचा?
४) कृषी केंद्रवाले ग्लायफोसेट हे तणनाशक मारा म्हणतात. संत्रा आणि पऱ्हाटी जवळ असताना चालेल का?

---

सातबारा_वाचक

पहिल्याचं उत्तर आधी. ‘गाजरगवत निर्मूलन, निम्मा खर्च परत’ असा घटक महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या अर्जाच्या पोर्टलवर) शोधत बसू नका. अमेरिकेतलं ऐकलंत ते बरोबर आहे. मोंटाना राज्यात १९८५ पासून त्यासाठी वेगळा निधी आहे. शेजारशेजारच्या जमीनमालकांनी मिळून प्रकल्प मांडायचा आणि निम्मा वाटा आपण उचलायचा, अशी रीत आहे. आपल्याकडे तोच खर्च तुकडे पाडून वेगवेगळ्या खिडक्यांवर न्यावा लागतो. यंत्र एका खिडकीवर, सार्वजनिक जागेची मजुरी दुसरीवर, आणि खाजगी धुऱ्याचा हिशेब शेजाऱ्याशी कागदावर.

यंत्राचं : ‘कृषी यंत्र/अवजारांच्या खरेदीसाठी अर्थसहाय्य’ या घटकात सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारकांना ५० टक्के, किंवा त्या यंत्राची ठरलेली कमाल रक्कम, यांतलं जे कमी ते. साडेचार एकर म्हणजे साधारण १.८ हेक्टर. दोन हेक्टरच्या आत आहात, म्हणजे ५० टक्क्यांत बसता. पण मोजणी ८-अ वरच्या (खातेउताऱ्यावरच्या) एकूण क्षेत्रावर होते. वडिलांचं दुसऱ्या गावात क्षेत्र असेल तर तेही धरलं जाईल.

सातबारा वडिलांचा असल्याने अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, आधारला जोडलेलं बँक खातं आणि यंत्राचं बिल, चारही वडिलांच्याच नावाने हवेत. क्रम असा : अर्ज, निवड, मग कोटेशन आणि त्या मॉडेलचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल अपलोड, मग पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल अपलोड, मग मोका तपासणी, मग खात्यात पैसे.

बहुतेकांचं अनुदान दोन ठिकाणी अडतं. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असतं, किंवा दुकानदाराने ‘हेच मॉडेल आहे’ म्हणून दिलेल्या यंत्राचा नंबर तपासणी अहवालाशी जुळत नाही. पहिल्यात काहीच करता येत नाही. दुसऱ्यासाठी पैसे देण्याआधी यंत्रावरची पाटी आणि अहवालाची प्रत शेजारी ठेवून वाचा. पैसे वडिलांच्या खात्यातूनच द्या, रोखीने नको.

आणि पूर्ण किंमत आधी तुम्हालाच भरायची आहे. २४,००० चा कटर असेल तर २४,००० हातात हवेत. १२,००० नंतर येतील, तेही कमाल मर्यादा आडवी आली नाही तर.

---

डवरा

ब्रश कटरबद्दल जरा थांबा. गाजरगवतासाठी ते चुकीचं हत्यार आहे. कटर जमिनीच्या तीन-चार इंच वरून कापतो, बुंधा तसाच राहतो. त्याच बुंध्यातून चार-पाच फांद्या फुटतात आणि झाड वीतभर उंचीवरच फुलावर येतं. फुलं आल्यावर कापलं तर बी उडवून पसरवायचं काम आपणच करतो. एका झाडाला ५,००० ते २५,००० बिया धरतात आणि मातीत त्या काही वर्षं जिवंत राहतात.

मुळासकट उपटणं हेच खरं. वेळ : पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी, जमीन ओली, झाड चार-सहा पानांवर. उगवल्यापासून महिन्याभरात ते फुलावर येऊ शकतं, म्हणून दुसरी फेरी चार आठवड्यांनी हवीच. तिसरी सप्टेंबरात. मायनरच्या कडेला ओल टिकते, तिथे थंडीतही एक फेरी लागेल. काळी जमीन एकदा तडकली की मूळ तुटून राहतं, मग मजुरी दुप्पट आणि काम अर्धवट.

हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. त्वचेला खाज आणि दम्याचा त्रास, दोन्ही या झाडाने होतात. ज्या मजुराला एकदा चट्टे उठले त्याला पुन्हा या कामावर लावू नका, दर वेळी त्रास वाढत जातो.

कटर घ्यायचाच असेल तर पांदणीच्या झुडपांसाठी, बांधावरच्या उंच गवतासाठी घ्या. त्या कामाला यंत्र चांगलं आहे.

---

रानमेवा

ग्लायफोसेटचं मी सांगते. केंद्राने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेत ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं असं बंधन घातलं. शिफारसही चहाचे मळे आणि बिनपिकाची जमीन एवढ्यापुरतीच. म्हणजे स्वतः पंप घेऊन धुऱ्याने मारायचं औषध ते नाही. खर्चाच्या वाटणीत ‘फवारणी’ धरायची असेल तर त्या चालकाचा दर धरा.

संत्र्याच्या कोवळ्या झाडाची हिरवी साल ग्लायफोसेट शोषून घेते. खोडावर शिंतोडे गेले तर झाड मागे पडतं. गढूळ पाण्यात औषध कालवलं तर ते मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. कालव्याचं पाणी पावसाळ्यात गढूळच असतं.

दुकानात दुसरं तणनाशक हमखास सुचवतात ते २,४-डी. पऱ्हाटी शेजारी असताना त्याला हातही लावू नका. कपाशी या औषधाला फार नाजूक. नुसत्या वाफेने पानं बोटांसारखी चिरटी होतात, पात्या (कळ्या) गळतात. एस्टर प्रकार उन्हात जास्त उडतो. त्या पंपाने नंतर कपाशीवर दुसरी कुठली फवारणी केली तरी दिसतं, कारण नळीत आणि वायसरमध्ये औषध राहतं. शेजाऱ्याने मारलं आणि तुमची पऱ्हाटी गेली, असले वाद यातूनच होतात.

गवत वाचवून फक्त गाजरगवत मारायचं असेल अशा पडितासाठी मेट्रिब्युझिन हे तणनाशक ०.३ ते ०.५ टक्के, अशी जबलपूरच्या तणविज्ञान संस्थेची शिफारस आहे. ७० टक्के भुकटी घेतली तर ०.३ टक्क्याला लिटरमागे सव्वाचार-साडेचार ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साधारण ६५ ग्रॅम. फुलाआधी, झाड कोवळं असताना. तुरीच्या धुऱ्यापासून लांब.

मिठाचं २० टक्के पाणी मारा असंही कोणी सांगेल. रस्त्याच्या कडेला ठीक आहे. वावरात नको, आपल्या काळ्या मातीत मीठ साठून बसतं.

---

पेंचकाठ

धन्यवाद. कटरचा विचार सोडला, फवारणीही सध्या नाही. डवराभाऊ, मजुरीचा अंदाज कसा काढायचा? शेजाऱ्यासमोर आकडा ठेवल्याशिवाय तो बोलणार नाही.

---

डवरा

दहा मीटर गुणिले दहा मीटरचा तुकडा दोरीने आखा. तो जवळपास एक गुंठा. मध्यम दाटीची जागा निवडा. दोन मजूर लावा, किती वेळ लागला ते लिहा. एकराला ४० ने गुणा, तुमच्या गावच्या रोजाने पैसे काढा. ही पहिल्या फेरीची किंमत. दुसरी आणि तिसरी फेरी एकत्र धरून साधारण तेवढीच धरा, म्हणजे पहिल्या वर्षाला एकूण दुप्पट. पहिल्या वर्षी फुलावर येऊच दिलं नाही तर दुसऱ्या वर्षी हलकं होतं, पण मातीत आधीचं बी असतं. तीन वर्षांचा हिशेब मांडला तरच खरा.

उपटलेलं धुऱ्यावर टाकू नका. फुलाआधीचं असेल तर खड्डा भरा : तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब. सुमारे ५० किलो गवताचा थर, त्यावर २० लिटर पाण्यात कालवलेलं पाच-सात किलो शेण, अर्धा किलो युरिया, थोडी माती. असे थर जमिनीच्या वर फूटभर येईपर्यंत, मग शेण-माती-भुसा कालवून लिंपून टाका. चार-पाच महिन्यांत खत होतं. लिंपण तडकलं तर बुजवा, आतली उष्णता गेली की बी मरत नाही. हे खत संत्र्याला घाला, खर्चातला काही भाग असा वसूल होतो.

---

ग्रामसभा_नियमित

मायनर आणि पांदणीचं माझ्याकडे.

मायनर : आधी तुमच्या मायनरवर पाणी वापर संस्था आहे का ते पाहा. २००५ च्या कायद्याने संस्थेकडे हस्तांतर झालेलं असेल तर त्या वितरिकेची देखभाल, गवत काढण्यासकट, संस्थेच्या गळ्यात आहे. मग अर्ज संस्थेच्या अध्यक्षाकडे, आणि तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सभेत विषय. हस्तांतर झालं नसेल तर सिंचन शाखा कार्यालयात शाखा अभियंत्याकडे लेखी. मायनरचा नंबर आणि कुठपासून कुठपर्यंत ते लिहा. नुसतं ‘कालव्यावर गवत वाढले आहे’ लिहिलं तर अर्ज फायलीत झोपतो.

पांदण : ग्रामपंचायत. इथे तारखेचं गणित चुकतं. गाजरगवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो, म्हणून लोक १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय काढतात. तोवर गवत फुलावर आलेलं असतं, ठराव होईस्तोवर बी पडलेलं असतं. विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्या, ठरावात ‘जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात’ असं काम लिहून घ्या, आणि ठरावाची नक्कल मागा. गावची पांदण मातोश्री पाणंद रस्ते योजनेत प्रस्तावित असेल तर कडेची सफाई त्या कामात बसते का ते तांत्रिक सहायकाला अंदाजपत्रक होण्याआधी विचारा, नंतर नाही.

स्वतःच्या पडिताला रोजगार हमीतून नुसतं तण काढण्याचं काम मागू नका, ते मंजूर होत नाही. पण त्या दोन एकरात फळबाग घेत असाल तर वेगळी गोष्ट. रोजगार हमीत बसत नसाल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिथे खड्डे खोदणं, कलमं अशा बाबींना पैसे मिळतात, तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असे. आंतरमशागत मात्र शेतकऱ्याच्याच वाट्याची. म्हणजे आळ्यातलं गाजरगवत तुम्हीच काढायचं, आणि नाही काढलं तर झाडं मरून जगण्याच्या टक्केवारीत अडकाल : दुसऱ्या हप्त्याला ८० टक्के, तिसऱ्याला ९० टक्के झाडं जिवंत लागतात.

---

रानमेवा

पडितासाठी स्वस्तातला एक मार्ग राहिला. तरोटा (टाकळा). नोव्हेंबर-डिसेंबरात वाळलेल्या शेंगा गोळा करा, बी काढा, एप्रिल-मेमध्ये त्या दोन एकरात आणि पांदणीच्या कडेला फेकून द्या. पहिल्या पावसात दाट उगवतो आणि गाजरगवताला दाबतो. बी फुकट, फक्त गोळा करायची मजुरी. पिकाच्या वावरात फेकू नका, तिथे तोही तणच.

गाजरगवताची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा पण आहे, पांढुरका, पाठीवर तपकिरी रेघा. भारतात १९८४ मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा सोडला. जबलपूरच्या संस्थेकडे चौकशी करा, एका जागी ५०० ते १,००० सोडतात. त्याआधी जुलै-ऑगस्टात आपल्याच गवताची पानं पाहा. चाळण झालेली असतील तर तो आधीच आलेला आहे, विकत आणायची गरज नाही. उन्हाळ्यात तो जमिनीत दडून बसतो. सोडलेल्या जागी फवारणी करायची नाही आणि ते गवत उपटायचंही नाही, म्हणून शेजाऱ्याच्या तीन एकराचा आतला भाग त्याला बरा. पहिल्या वर्षी फरक दिसेल अशी आशा नको.

---

पेंचकाठ

शेजारी मालकाशी फोनवर बोललो. तो म्हणतो निम्मा खर्च देतो, पण ‘निम्मा’ कशाचा यावर अडलंय. त्याचं तीन एकर, आमचं दोन एकर पडीत.

---

सातबारा_वाचक

दादा, एकरावर वाटू नका. दोन भाग करा. सामाईक धुरा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मीटरचा पट्टा : हा खर्च निम्मा-निम्मा. आतलं क्षेत्र ज्याचं त्याने. धुरा समजा २०० मीटर असेल तर पट्टा २०० गुणिले १०, म्हणजे २,००० चौरस मीटर, सुमारे २० गुंठे. डवराभाऊंनी सांगितलेला गुंठ्याचा दर गुणिले २० गुणिले २, भागिले दोन. एवढा त्याचा पहिल्या वर्षाचा वाटा. आकडा लहान दिसतो आणि माणूस लवकर हो म्हणतो.

त्याच्या आतल्या तीन एकराला मजूर लावायला तो येणार नाही हे धरून चला. तिथे तरोटा फेकण्याची आणि भुंगा सोडण्याची लेखी परवानगी तेवढी घ्या. साध्या कागदावर : दोघांचे गट नंबर, धुऱ्याची लांबी, फेऱ्यांचे महिने, दर फेरीआधी त्याने किती रक्कम कोणत्या खात्यात टाकायची. ‘काम झाल्यावर देतो’ हे कबूल करू नका. शिवाय एक ओळ घाला की दुसऱ्याला आधी सांगितल्याशिवाय कोणीही तणनाशक मारणार नाही, आणि २,४-डी तर मारायचंच नाही.

पुढे दोघांनी मिळून एखादं यंत्र घेतलं तर ते सरकारी कागदावर एकाच्याच नावावर राहील आणि अनुदानही त्याच्याच खात्यात येईल. तेव्हा अनुदान वजा जाता उरलेली रक्कम वाटा, पूर्ण किंमत नव्हे. हमीपत्रानुसार ते यंत्र ठरावीक वर्षं विकता येत नाही, हेही त्याच कागदावर लिहा.

---

ग्रामसभा_नियमित

करारावर तो मालक सही करायला गावी येत नसेल तर तुम्हीच नागपूरला कागद घेऊन जा, आणि हे जूनच्या आधी उरका.