सोसायटी ग्रुप: ऑरेंज अलर्ट आहे तरी उद्या वेरूळला जायचं का

*शनिवार, संध्याकाळ*

बी-१०२ काकू: अगं तुम्ही चौघी मैत्रिणी उद्या खरंच जाऊ लागल्या का वेरूळ म्हैसमाळला? टीव्हीवर आपल्या जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट सांगू लागलेत. एवढ्या पावसात कामून जायचं, पुढच्या रविवारी जा की

ए-३०४: काकू जाणार आहोत. पुढच्या रविवारी एकीची ड्युटी, एकीच्या पोराची परीक्षा, तारीख जुळता जुळत नाही. आणि खरं सांगू का, आपल्याकडं पावसाची वाट बघण्यात अर्धं वर्ष जातं, नळाचं पाणी कधी येतं हे पण आपण ग्रुपवर विचारत बसतो, मग पाऊस आला की दारं लावून घरात बसायचं हे मला पटतच नाही. वेरूळ हिरवं असतं ते याच दोन-तीन महिन्यांत

सेक्रेटरी काका: बेटा उत्साह ठीक आहे पण अलर्ट गंमत म्हणून देत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये धाराशिव जिल्ह्यात लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. आणि भुशी डॅमचं २०२४ चं आठवतं ना, एकाच घरातले ५ जण वाहून गेले

ए-३०४: काका आठवतं, तो व्हिडिओ डोळ्यासमोरून जात नाही. म्हणूनच म्हणते, घरी बसायचं का जायचं हा प्रश्न नाहीये, कुठं जायचं आणि पाण्यापासून किती लांब राहायचं हा आहे. ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. रेड आला तर ट्रीप कॅन्सल, ते चौघींचं आधीच ठरलंय. आणि अलर्ट पूर्ण जिल्ह्याचा असतो, सोयगावला झोडपतो आणि पैठणला ऊन असतं असं कितीदा होतं. सकाळी निघताना परत बघणार

सी-२०१ दादा: मग वेरूळ काहून, पितळखोऱ्याला जा ना, धबधबा जोरात असेल आता, गर्दी पण नाही

ए-३०४: दादा उद्या तर अजिबात नाही. पितळखोऱ्याला पायऱ्या उतरून खाली नाल्याशीच जावं लागतं आणि लेण्या पाण्याच्या पलीकडं. आपला सगळा काळा पाषाण, पाणी मुरायला जागा नाही, वर डोंगरावर तासभर कोसळला की खाली नाला भरलाच, तुमच्या डोक्यावर थेंब नसला तरी. आपण निवांत फोटो काढत उभे आणि पाणी गढूळ व्हायला लागलं की समजायचं वरून लोंढा येऊ लागलाय, तेव्हा चप्पल उचलायला पण थांबायचं नाही. आमच्या आजोळी ओढ्याकाठी शेत होतं, हे लहानपणापासून बघितलंय. कन्नडकडं तर २०२१ च्या ऑगस्टच्या शेवटी घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झालता, तिकडं जोराच्या पावसात मी कोणालाच जा म्हणणार नाही

बी-१०२ काकू: बाई मला तर ऐकूनच धडकी भरली

ए-३०४: काकू वेरूळला डोक्यावर अख्खा डोंगर आहे, छत्रीची पण गरज नाही 🙂 ३० किलोमीटर, सकाळी सातला निघणार. दौलताबादचा घाट आणि ती दरवाजातली अडकाअडकी नको म्हणून कसाबखेडा फाट्यावरून. फरशी पुलावरून पाणी वाहत असलं तर गाडी तिथूनच मागं, फुटभर वाहत्या पाण्यात पण छोटी गाडी तरंगते. म्हैसमाळ फक्त उघडीप असली तर, कारण वर सगळं मोकळं पठार, वीज चमकायला लागली तर झाडाखाली उभं राहता येत नाही आणि उघड्यावर पण नाही. फोनमध्ये दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, जवळपास कुठं वीज पडू लागली ते दाखवतं. सगळ्यांनीच घ्या, गावाकडं शेतात जाणाऱ्यांना तर आधी घेऊन द्या

सेक्रेटरी काका: ठीक. लोकेशन टाकत राहा. अंधाराच्या आत घरी.

बी-१०२ काकू: धपाटे करून देते, दही घेऊन जा. आणि सुका टॉवेल

*रविवार, संध्याकाळ*

ए-३०४: पोहोचलो सगळ्या घरी 🙏 काका लोकेशन बघत होते त्यांना माहितीच आहे. सकाळी परत बघितलं, ऑरेंजच होता. कसाबखेड्यापर्यंत वायपर थांबला नाही, लेण्यांपाशी नुसती भुरभुर, मग साडेदहाला असा काही आला की समोरचं माणूस दिसेना. आम्ही तेव्हा दहाव्या लेणीत होतो, सुतार की झोपडी. आत वर बघा कधी, लाकडी वासे असावेत तशा फासळ्या आहेत, सगळ्या दगडात कोरलेल्या, आणि स्तूपासमोर बसलेला बुद्ध. बाहेर धो धो आणि आत तो आवाज गोल होऊन घुमत होता, आमच्यातल्या एकीनं हळूच ओंकार लावला तर तो सूर थांबल्यावर पण कमानीत राहिला, गाईड थांबला, शाळेची पोरं गप्प झाली. उन्हाळ्यात मी तिथं पाच मिनिटात बाहेर पडलेली आहे, आज पाऊण तास बसलो आणि कोणालाच उठावं वाटेना

सी-२०१ दादा: वा! आणि २९ नंबरच्या लेणीजवळचा धबधबा?

ए-३०४: सीता की न्हाणी लांबूनच बघितली दादा. तिकडच्या वाटेवर दोरी बांधून गार्ड उभा होता, काही पोरं हुज्जत घालू लागली की आम्ही पोहणारे आहोत. गार्डला आम्ही सगळ्यांनी पाठिंबा दिला, तो बिचारा सकाळपासून भिजत उभा होता त्याला दोन धपाटे दिले. पाणी लाल गढूळ आणि आवाज पोटात जाणवत होता. कैलासला अंगणात शेवाळ झालंय, रबरी सोलचे जोडे घालूनच जा, आमच्या पुढं एक आजोबा घसरता घसरता वाचले. ओला काळा दगड मात्र बघण्यासारखा, कोरड्यात जी बारीक नक्षी नजरेतून सुटते ती पाण्यानं उठून दिसते, हत्तींच्या पाठीवरून ओघळ येत होते

बी-१०२ काकू: म्हैसमाळ केलं का मग

ए-३०४: नाही काकू. दीड वाजता दामिनीवर खुलताबादकडं विजा दिसू लागल्या, तिथंच ठरवलं की नाही. कणीस खायचं राहिलं, एक जण जरा नाराज झाली पण गाडीत धपाटे दही ठेचा संपवला आणि निघालो

सेक्रेटरी काका: शाब्बास. आता माझी पण इच्छा झाली, आमच्या मंडळींना घेऊन परवा जाऊन येतो, रविवारची गर्दी नको

ए-३०४: काका परवा मंगळवार, वेरूळ बंद असतं. बुधवारी जा, सकाळी लवकर, आणि काकूंना कैलासच्या वरच्या वाटेनं नेऊ नका, कडेला निसरडं आहे. माझ्याकडची मोठी छत्री नेता का, गाडीतच आहे