'पगार नको, फक्त पत्र द्या': परदेशी अभ्यासकांना असं बोलवावं का?

सातारारोड:
आमच्या कॉलेजात अशी ईमेल वर्षाला दोन-तीन येतात. यंदाची इटलीहून आहे. बाईंची पीएचडी झालीय, विषय पत्री सरकारातल्या, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या, स्त्रिया. मागणी साधी: मानधन नको, आठ महिने बसायला टेबल, ग्रंथालयाचं कार्ड आणि व्हिसासाठी निमंत्रणपत्र. प्राचार्य खूश, कारण कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या अहवालात 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' या रकान्यात एक ओळ फुकटात पडणार. बैठकीत विरोध करणारा मी एकटाच होतो, म्हणून इथं विचारतोय.

माझा मुद्दा असा की फुकट म्हणजे कुणाला फुकट? मागे एक पाहुणे आटपाडीकडचं समन्यायी पाणीवाटप अभ्यासायला आले होते. माणूस चांगला, पण मराठी शून्य. आमचा एक पोरगा सहा आठवडे त्यांना मोटरसायकलवर घेऊन फिरला. म्हाताऱ्यांची माणदेशी बोली ऐकायची, इंग्रजीत सांगायची, रात्री पुन्हा टंकून द्यायची. पेट्रोल स्वतःचं. पोरगा तासिका तत्त्वावर शिकवणारा, त्याचं बिल तेव्हा चार महिने अडकलेलं. पुढं लेख छापून आला. पोराचं नाव ऋणनिर्देशात आहे, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. तेव्हा एकतर पाहुण्यांकडून फी घ्या आणि त्यातून दुभाष्याला पैसे द्या, नाहीतर नम्रपणे नाही म्हणा. अमेरिकेतली कितीतरी विद्यापीठं अशी फी घेतात, मग आपल्यालाच संकोच का?

येरळाकाठ:
सर, तुमच्या हिशोबानं अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनाही बेंच फीची, म्हणजे बसायच्या टेबलाच्या फीची, पावती फाडायला लावली असती! अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या पीएचडीसाठी त्या महाराष्ट्रात आल्या, ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला, पुढं आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्याच झाल्या. १९८३ ला भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ ला कासेगावातच शेवटचा श्वास घेतला. औंध संस्थानाचं उदाहरण घ्या. गावांच्या हाती कारभार देणाऱ्या तिथल्या १९३९ च्या ग्रामस्वराज्याच्या घटनेच्या मसुद्यात पोलंडचे मॉरिस फ्रीडमन होते. आपल्या भागाला बाहेरच्या डोळ्यांनी बरंच दिलंय. दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, पावती नव्हे.

सातारारोड:
गेलबाई मराठी शिकल्या, मोर्चात चालल्या, इथं राहिल्या. आठ महिन्यांच्या प्रत्येक पाहुण्यासाठी त्यांचं नाव पुढं करू नका.

येरळाकाठ:
त्या राहणार हे पहिल्या दिवशी कुणाला ठाऊक होतं?

हळदबाजार:
मी सांगलीचा. मी स्वतः असा बिनपगारी पाहुणा होतो, अमेरिकेच्या एका सरकारी विद्यापीठात वर्षभर. जे-१ व्हिसा, म्हणजे पाहुण्या अभ्यासकांचा. त्यासाठी विद्यापीठाकडून डीएस-२०१९ नावाचा कागद लागतो आणि तो मिळण्याआधी वर्षाच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते. वडिलांनी ठेव मोडली. आरोग्यविमा सक्तीचा. दर आजाराला किमान १ लाख डॉलरचं संरक्षण हवं आणि मृतदेह मायदेशी पाठवण्यासाठी २५ हजार डॉलर वेगळे. तो रकाना वाचताना वडील काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसत बसले. वर विद्यापीठानं कागदपत्रांची फी घेतलीच.

माझ्या शेजारच्या टेबलावर चीनची मुलगी होती. तिलाही विद्यापीठाकडून एक डॉलर नव्हता, पण तिच्या सरकारची शिष्यवृत्ती दरमहा जमा व्हायची. म्हणजे बिनपगारी लोक दोन जातीचे. एकाचा पगार घरून येतो, दुसरा घरच खातो. तुमच्या इटलीच्या बाई यातल्या कोण, हे विचारलंत का? तिकडं नोकरी किंवा प्रकल्पाचं अनुदान असेल तर दुभाष्याचे पैसे खुशाल मागा, अशा अनुदानात बहुतेक वेळा त्याची सोय असते. पण नोकरी नाही, शिल्लक मोडून येतेय, तर तिच्याकडून फी घेणं मला तरी जमणार नाही.

चहाबिस्किट:
परदेशी प्राध्यापकांना इथं शिकवायला बोलावणाऱ्या केंद्राच्या २०१५ च्या ग्यान योजनेत त्या प्राध्यापकाला १२ ते १४ तासांच्या कोर्सला ८ हजार डॉलरपर्यंत मिळायची सोय आहे. आमचा तासिकावाला तेवढे रुपये बघायला महिनाभर वाट बघतो. आता बोला.

बडेबाबू:
आवं सर, तात्त्विक चर्चा झाली असंल तर हापिसचं बी ऐका. टुरिस्ट व्हिसावर येऊन संशोधन चालत न्हाई, रिसर्च व्हिसाच पायजे. आठ महिनं म्हणजे व्हिसा १८० दिवसांच्या वर, म्हणजे आल्यावर १४ दिवसांत नोंदणी. ते काम जिल्ह्याला एसपी हापिसात. आन मुक्काम हाटेलात असू दे की कुणाच्या घरात, २४ तासांत परदेशी पाहुणा उतरल्याची नोंद सरकारला कळवायची, त्यालाच आमी सी फॉर्म म्हणतो. आमच्या कॉलेजात मागच्या पाहुण्याला एका सरांनी मेव्हणीच्या फ्लॅटमधी ठेवलं, फॉर्म कुणीच भरला न्हाई. एसपी हापिसात तीन हेलपाटं मी घातलं. ऋणनिर्देशात माझं नाव चुकीच्या स्पेलिंगनंबी न्हाई.

दुभाषी_बाई:
सातारारोड सर, मी दुसऱ्या कॉलेजात एका परदेशी अभ्यासक बाईंची अशीच दुभाषी होते, तेव्हा माझ्या वतीनं परस्पर नाही म्हणू नका. मोबदला मिळाला नाही, खरंय. पण मुलाखतीत गप्प कधी बसायचं हे मी त्या बाईंकडून शिकले. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यांनी चार दिवसांत वाचून समासात लिहून दिलं. माझ्या गाईडकडं तेच प्रकरण दिवाळीपासून पडून होतं, परत आलं तेव्हा गुढी उतरली होती.

आणि एक विचारू? राग मानू नका. त्या पोराला सहा आठवडे मोटरसायकलवर पाठवलं कुणी? पाहुणे तर त्याला ओळखतही नसतील.

सातारारोड:
मीच. विभागप्रमुख तेव्हा मी होतो. 'जा रे, तुझं इंग्रजी सुधारेल' असं म्हटल्याचंही आठवतंय.

येरळाकाठ:
सर, प्रांजळपणाबद्दल मानलं तुम्हाला. मग पत्र देताय की नाही?

सातारारोड:
सोमवारी पुन्हा बैठक आहे. बाईंना आज ईमेल टाकली: अनुदान आहे का, मराठी किती येते. पत्र दिलंच तर दुभाष्याचं रोजचं मानधन आधी ठरवून त्यातच लिहीन. बाईंकडं अनुदान नसेल तर ते कॉलेजनं द्यावं, प्राचार्यांना ती ओळ हवीच आहे ना. मुलाखतींच्या रेकॉर्डिंगची एक प्रत आपल्या ग्रंथालयात राहील, हेही घालतो. पेट्रोलचं त्या पोराला फोन करून विचारतो, जुनंच आहे, पण विचारतो.

बडेबाबू:
आन सी फॉर्म?

सातारारोड:
तो मी भरतो, बाबू. तुम्ही फक्त कुठं सही करायची ते दाखवा.