पासवर्डमधे $ आणि ! आहे, एसव्हीएन (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) लॉगिनच घेत नाही

प्रश्न: चेकआउट करताना (सर्व्हरवरून कोड उतरवताना) कमांडमधेच पासवर्ड देतोय, त्यात $$ आहे आणि मधे एक !, ब्राउझरमधे तोच चालतो पण टर्मिनलवर दरवेळी ऑथेंटिकेशन फेल, वैताग आलाय राव.

उत्तर: पासवर्ड बरोबरे, बॅश (टर्मिनलवरच्या कमांड वाचणारा प्रोग्राम) मधे तोंड घालतंय. $$ च्या जागी ते स्वतःचा प्रोसेस नंबर टाकतं आणि ! दिसला की जुनी कमांड शोधत बसतं, डबल कोटमधे सुद्धा. सिंगल कोट वापर.

उत्तर: मुळात कमांडमधे देऊच नको, पासवर्ड हिस्टरीत (जुन्या कमांडच्या यादीत) राहतो. नुसतं युजरनेम दे, पासवर्ड एसव्हीएन स्वतः विचारेल, तिथे एस्केपची (खास चिन्हं बॅशपासून वाचवायची) भानगडच नाही.

उत्तर: पासवर्ड गिटच्या (एसव्हीएनसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) यूआरएलमधे टाकणार असशील तर कोट पुरत नाहीत हां, @ चं %40 आणि # चं %23 करावं लागतं.

प्रश्नकर्ता: सिंगल कोटने झालं! दोन तास गेले यात...