येरेवानचे कॅफे भरलेत, म्हणून आर्मेनियन विसरले?

इंद्रायणीकाठची (धागाकर्ती)

भटक्या_नाशिककर यांनी परवा आर्मेनियाच्या राजधानीचे, येरेवानचे फोटो टाकून खाली लिहिलं, "काराबाख गेलं, लाखभर माणसं बेघर झाली आणि हे लोक वाईन पीत बसलेत. ज्या पाशिन्याननं जमीन घालवली, त्यालाच पुन्हा निवडून दिलं. अशा समाजाचं काय होणार?" तिथंच उत्तर द्यायला बसले, पण ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. माहीत नसेल त्यांच्यासाठी: काराबाख म्हणजे अझरबैजानमधला आर्मेनियन वस्तीचा डोंगराळ भाग, आणि पाशिन्यान म्हणजे 2018 मध्ये आर्मेनियाचा पंतप्रधान झालेला नेता.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी येरेवानमध्ये राहिले आहे. सप्टेंबर 2023 मध्ये तिथंच होते. काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता आदल्या डिसेंबरपासून अडवलेला, तिकडची दुकानं रिकामी झाल्याच्या बातम्या रोज यायच्या. 19 तारखेला अझरबैजानचा हल्ला झाला आणि पुढच्या काही दिवसांत आर्मेनियातल्या गोरिसच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली, टपांवर गाद्या बांधलेल्या. आमच्या शेजारच्या आजींकडं त्यांच्या बहिणीचं अख्खं बिऱ्हाड आलं. दोन खोल्यांचं सोव्हिएत काळातलं घर, हॉलमध्ये माणसं झोपलेली. मग तरुण पोरांनी संध्याकाळी बोलत बसायचं कुठं? कॉफी घेऊन बाहेरच ना? कॅफे भरलेले दिसतात त्याचं एक कारण हेसुद्धा आहे, साहेब.

येराब्लूरच्या टेकडीवर गेला होतात का? 2020 च्या युद्धात गेलेली विशी-बाविशीची पोरं तिथं पुरली आहेत. थडग्यामागं थडगं, प्रत्येकावर झेंडा, आणि शेजारी आईबाप बसलेले. 24 एप्रिलला त्सित्सेर्नाकाबेर्दच्या नरसंहार स्मारकाला फुलं घेऊन चढणारी गर्दी बघितलीत? तुम्ही पर्यटकांच्या आवडीच्या कास्काडच्या पायऱ्या बघितल्यात.

आणि निवडणूक झाली जून 2021 मध्ये. लोक उठून आले 2023 मध्ये. दोन वर्षांनी घडणाऱ्या गोष्टीची शिक्षा मतदारांनी आधीच द्यायची होती?

भटक्या_नाशिककर

तारखेत पकडलंत, खूश व्हा. पण काराबाखमधलं शुशी शहर 2020 च्या 44 दिवसांच्या युद्धातच गेलं होतं, म्हणजे मतदानाच्या आधी. त्याचं काय? हरलेल्या सेनापतीला 54 टक्के मतं देणारा देश मला तरी कळत नाही. आणि येराब्लूरला गेलो नव्हतो म्हणून मत मांडायचा हक्क गेला का?

ठसका

समोर कोण होतं तेही बघा की. कोचारियान! तो राष्ट्राध्यक्ष असताना 1 मार्च 2008 ला निदर्शकांवर बळ वापरलं, दहा माणसं मेली. पाशिन्यान 2018 मध्ये ग्युम्रीहून चालत निघाला आणि तेव्हाच्या सत्ताधारी सर्झ सार्गस्यानला घरी बसवलं, ते याच जुन्या मंडळींविरुद्ध. लोकांनी पाशिन्यानला मत दिलं नाही, कोचारियानला नाकारलं. आपल्याकडं असं कधी होतच नाही, नाही का?

डॉ_लातूर

समाज, राजकारण राहू द्या बाजूला. मी तिथं डॉक्टरी शिकत होतो. 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळं रशियन आले आणि घरमालकिणीनं एका महिन्यात भाडं दुप्पट केलं. "नको असेल तर सोड," म्हणाली. डिसेंबरची थंडी, आम्ही चार पोरं बॅगा घेऊन मित्राच्या खोलीवर. लाडका समाज तुमचा!

इंद्रायणीकाठची

भाडी आर्मेनियन लोकांचीही वाढली, डॉक्टर. त्यांनाही बाहेर काढलं.

डॉ_लातूर

असेल. पण त्यांना निदान एजंटनं फसवलं नव्हतं. मला सांगितलं होतं, वसतिगृह, भारतीय मेस, सगळं फीमध्ये. तिथं गेल्यावर मेस म्हणजे एका सीनियरच्या स्वयंपाकघरातला कुकर. वडिलांनी शेत गहाण टाकलं होतं हो.

बोरीबंदर

नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून परदेश गाठायचा आणि मग रडायचं. परदेशी डॉक्टरीसाठी 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथंच वर्षभर इंटर्नशिप, हे 2021 पासून नियमात लिहिलेलं आहे. वाचायचं कोणी?

डॉ_लातूर

परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची एफएमजीई परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालोय. तुमच्या तोंडून नियम ऐकायची गरज नाही.

कऱ्हाडचा_बाळू

डॉक्टर तरी सुटले. माझा मावसभाऊ तिथं स्कूटरवर जेवण पोचवतो. गोदामात नोकरी म्हणून नेलं, उतरल्यावर गोदामच नाही. बर्फात स्कूटर घसरून हात मोडला. दवाखान्यात कोणी नेलं, तर रस्त्यावरच्या एका आर्मेनियन बाईनं. नेणारा एजंट आपलाच, मराठी बोलणारा. आता बोला कुठला समाज वाईट ते.

बोरीबंदर

एजंटचं नाव टाका की मग इथं.

कऱ्हाडचा_बाळू

नाव टाकलं की तो अब्रूनुकसानीची नोटीस पाठवेल आणि तुम्ही पॉपकॉर्न खात बसाल. नको.

जुना_सोबती

धागा आर्मेनियाचा आहे की एजंटांचा? आपल्या पाषाणच्या प्रयोगशाळेत घडलेलं पिनाका हे रॉकेट-शस्त्र त्यांनी विकत घेतलंय. गिऱ्हाईक टिकलं म्हणजे झालं. त्यांनी कोणाला निवडायचं हे आपण का ठरवतोय?

भटक्या_नाशिककर

असल्या विचारानंच... जाऊ दे. ठसका, तुमच्या लोकशाहीवाल्या पाशिन्याननं जून 2025 मध्ये बाग्रात गाल्स्तान्यान या आर्चबिशपना तुरुंगात टाकलं. चर्चच्या बाजूनं बोलणाऱ्या सामवेल कारापेत्यान या उद्योगपतीलाही. जुन्या मंडळींनाही हेच जमत होतं की!

ठसका

सरकार म्हणतं सत्ता उलथवायचा कट होता. मला ते सगळं पटलेलं नाही, हेही लिहून ठेवा. एवढ्यावर समाधान माना.

भटक्या_नाशिककर

मानलं. ताई, तुमच्या आजी कोणाला मत देतात ते सांगा, म्हणजे विषय संपला.

इंद्रायणीकाठची

आजी पाशिन्यानला शिव्या घालतात, रोज, कॉफीबरोबर. 2021 मध्ये मत मात्र त्यालाच दिलं होतं, "दुसरे चोर आहेत" म्हणून. बहिणीला मतच नाही. काराबाखहून आलेल्यांना तात्पुरतं संरक्षण दिलंय, मतदानासाठी नागरिकत्वाचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो ती करत नाही. केला तर तिकडचं घर आपण होऊन सोडलं असं होईल, म्हणते. भाड्यासाठी माणशी 50,000 द्राम मिळायचे, त्यातही 2025 मध्ये कात्री लागली. तुमच्या फोटोतल्या टेबलावर तिचा नातू वेटर असू शकतो, भटक्या.

भटक्या_नाशिककर

असू शकतो. बिलात टीप ठेवली होती, एवढं तरी माझ्या खात्यात धरा.

डॉ_लातूर

ताई, एजंटांचा धागा "शिक्षण"मध्ये काढू की "फसवणूक"मध्ये?