शेजारी पुनर्विकास, रस्ता काँक्रीटचा आणि तळमजल्याच्या संडासातून उलटे येणारे पाणी: जुन्या सोसायटीने नेमके काय तपासावे?

प्रश्न: सोसायटी सचिव, विलेपार्ले (पूर्व)

नमस्कार. आमची इमारत १९६०च्या दशकातील, तळमजला अधिक तीन मजल्यांची असून तिच्यात १६ बिऱ्हाडे आहेत. बिडाचे उभे पाईप आणि आवारातून रस्त्यापर्यंत गेलेली चिनीमातीच्या पाइपांची मलवाहिनी ही मूळची व्यवस्था आजही तशीच आहे. शेजारच्या दोन सोसायट्या एकत्र येऊन पुनर्विकासाला गेल्या. विमानतळामुळे आमच्या भागात उंचीवर मर्यादा असल्याने वाहनतळ जमिनीखाली नेण्याकडे विकासकांचा कल असतो, त्याप्रमाणे तेथेही आमच्या कुंपणाच्या भिंतीलगत खोल खड्डा खणला गेला आणि त्यातील पाणी उपसणारे पंप रात्रंदिवस चालू राहिले. त्याच सुमारास पुढचा रस्ताही काँक्रीटचा झाला.

तेव्हापासून जोराचा पाऊस आला की तळमजल्यावरील संडासांत आधी गुडगुड आवाज येतो आणि मग मैलापाणी वर चढते. पूर्वी असे पाणी फार तर रस्त्यावरील मॅनहोलमधून बाहेर पडत असे, घरात कधीच येत नसे. कुंपणालगतची फरशी खचली आहे आणि नळाला सुरुवातीची काही मिनिटे पिवळसर पाणी येते. विकासकाचे म्हणणे असे की तुमचे पाईपच साठ वर्षांचे आहेत. प्लंबर म्हणतो की कमोड उंच करा आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा. काही सभासदांचे मत असे की आपणही उद्या पुनर्विकासाला जाणार, मग आता खर्च कशाला? तळमजल्यावरच्या आजींना हे उत्तर मी देऊ शकत नाही. कारण नेमके कोणते हे सिद्ध कसे करावे आणि पावसाळ्यापूर्वी काय करून घ्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: निवृत्त स्थापत्य अभियंता, दादर

सचिव महोदय, आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे पूर्वी पाणी रस्त्यावर येत असे आणि आता घरात येते. मलवाहिनी तुंबली की तिच्यातील पाणी त्या परिसरातील सर्वांत खालच्या पातळीच्या तोंडातून बाहेर पडते. पूर्वी ते तोंड रस्त्यावरील मॅनहोलचे होते. काँक्रीटीकरणात रस्ता वर आला आणि मॅनहोलचे झाकणही वर उचलले गेले असेल, तर आता सर्वांत खालचे तोंड आपल्या आवारातील चेंबरचे किंवा तळमजल्यावरील संडासाचे झाले आहे. तुंबणे कदाचित पूर्वीइतकेच असेल, फक्त ते बाहेर पडण्याची जागा बदलली. म्हणून पहिले काम पातळ्या मोजण्याचे. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. रस्त्यावरील झाकण, आवारातील शेवटचे चेंबर, इमारतीचे जोते आणि कमोडची कड या चार जागांची पातळी एकाच कागदावर मांडावी. या कागदाशिवाय कोणाशीही वाद घालू नये.

दुसरा मुद्दा 'नव्या इमारतीचा मैला आमच्या वाहिनीला झेपत नाही' या सर्रास केल्या जाणाऱ्या तक्रारीचा. आपण तो लिहिलेला नाही, परंतु सभेत कोणीतरी मांडेलच. गणित करून पाहावे. ६० घरे, घरटी पाच माणसे आणि माणशी रोज १३५ लिटर धरले तर ४०,५०० लिटर पाणी लागते. त्यातील सुमारे ८० टक्के मलवाहिनीत जाते, आणि सकाळच्या गर्दीच्या वेळी सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरला तरी तो सेकंदाला जेमतेम एक लिटरच्या वर जातो. २३० मिलिमीटर व्यासाची स्वच्छ वाहिनी दोनशेस एक अशा साध्या उताराने टाकलेली असेल, तर ती भरून वाहताना सेकंदाला सुमारे ३० लिटर नेते. जुनी म्हणून तिची क्षमता निम्मी धरली, तरी एका इमारतीच्या मैल्याने ती भरत नाही.

ती भरते पावसाच्या पाण्याने. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाला २५,००० लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात लिटर पाणी खाली येते. मुंबईत मलवाहिन्या आणि पर्जन्य जलवाहिन्या वेगळ्या आहेत, आणि गच्चीचे पाणी मलवाहिनीत सोडता येत नाही. तरीही गल्लीतील चार-पाच गच्च्यांचे पाईप कोणीतरी सोयीसाठी मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेले असतात. त्यातच पर्जन्य जलवाहिनीची क्षमता अपुरी. शहरातील जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने आखलेल्या होत्या आणि मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांविषयीच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर ५० मिलिमीटरचे उद्दिष्ट ठरले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस आपण पार्लेकरांनी पाहिलाच आहे. अशा वेळी रस्त्यावर साचलेले पाणीही झाकणांच्या फटींतून मलवाहिनीत उतरते. तेव्हा तुंबणे केवळ पावसातच होत असेल, तर मैल्याच्या वाहिनीत पाऊस कोठून शिरतो ते शोधावे. कोरड्या दिवसांतही होत असेल, तर वाहिनीत अडथळा आहे असे समजावे.

उत्तर २: प्लंबिंग कंत्राटदार, गोरेगाव

वरील विवेचन योग्य आहे. अडथळ्याविषयी मी थोडे सांगतो, कारण नव्या बांधकामांशेजारच्या गल्ल्यांत आमचे निम्मे काम तेच असते.

खड्ड्यातून उपसलेले पाणी गाळ बसवण्याच्या टाकीतून न जाता थेट गटारात सोडले की त्यातील बारीक माती वाहिनीच्या तळाशी बसते. पाइलिंगचे (पायाचे खोल खांब घालताना भोक ढासळू नये म्हणून वापरतात ते चिकणमातीचे) बेंटोनाइट आणि काँक्रीटच्या गाड्या धुतलेले पाणी त्याहून वाईट. शेवटच्या चेंबरचे झाकण उघडून तळाशी सळई फिरवावी. साधा मैल्याचा गाळ काळा आणि मऊ असतो. सिमेंटचा थर राखाडी असतो, सळई त्यावर खरखरते आणि निघालेला तुकडा बादलीत रात्रभर ठेवला तरी विरघळत नाही. असा तुकडा मिळाला तर तो फेकू नये. तारीख लिहून, चेंबरसह छायाचित्र काढून ठेवावा.

कुंपणालगत फरशी खचली आहे, याचा अर्थ तेथील माती कोठेतरी गेली आहे. खोल खड्ड्यातून पाणी उपसले की आजूबाजूची भूजलपातळी उतरते आणि भरावाची माती दबते. चिनीमातीच्या पाइपांचे सांधे सिमेंटने भरलेले, ताठर असतात. जमीन थोडी जरी बसली तरी ते उघडतात, त्यातून माती आत येते आणि वर पोकळी तयार होते. मात्र उलटेही घडते. सांधा आधीच फुटलेला असतो आणि माती वर्षानुवर्षे त्यातूनच वाहून गेलेली असते. दोन्हींतील फरक वरून कळत नाही, त्यासाठी वाहिनीत कॅमेरा घालून चित्रीकरण करावे लागते. ताजा तडा स्वच्छ कडांचा दिसतो, जुन्या तड्यात मुळे शिरलेली असतात आणि कडा काळवंडलेल्या असतात. चित्रीकरणापूर्वी जेटिंग मशीनने, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने, वाहिनी धुऊन घ्यावी, नाहीतर पैसे देऊन गाळच पाहावा लागेल. एक गोष्ट आग्रहाने सांगतो: चेंबर किंवा मॅनहोल कितीही उथळ दिसले तरी माणूस आत उतरवू नये. सुरक्षा साधनांशिवाय असे उतरवण्यास हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि आतला वायू कोणाला आधी सूचना देऊन येत नाही.

आता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो बसवल्यावर रस्त्याकडील पाणी आत येणार नाही हे खरे, परंतु व्हॉल्व्ह मिटलेला असताना आपल्या वरच्या तीन मजल्यांचे पाणीही बाहेर जाणार नाही. ते आवारातच साचेल आणि पुन्हा त्याच तळमजल्यावर चढेल. फरक इतकाच की या वेळी मैला आपलाच असेल. म्हणून तळमजल्याचे संडास आणि न्हाणीघरे वरच्या मजल्यांच्या उभ्या पाइपापासून तोडून त्यांना स्वतंत्र वाहिनी द्यावी, व्हॉल्व्ह केवळ त्या वाहिनीवर बसवावा आणि तो साफ करता येईल असा चेंबरमध्ये ठेवावा. वरच्या मजल्यांची वाहिनी रस्त्याच्या मॅनहोलपर्यंत वेगळी न्यावी. वाटेत तिला एकही उघडे चेंबर ठेवू नये, झाकणे घट्ट बसणारी असावीत. नवी वाहिनी टाकताना १५० मिलिमीटरच्या पाइपास साधारण साठास एक उतार मिळतो का, हे आधी पाहावे. रस्ता वर गेला तरी रस्त्याखालची जुनी वाहिनी बहुधा होती तेथेच असते, त्यामुळे तो सहसा मिळतो. केवळ कमोड उंच केल्याने पाणी न्हाणीच्या ट्रॅपमधून येऊ लागते, तेव्हा त्या खर्चात पडू नये.

उत्तर ३: रहिवासी, मुलुंड

पिवळ्या पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. मुंबईत पाणी ठरावीक वेळीच येते आणि उरलेला वेळ नळजोडणी रिकामी असते. त्या वेळी पाइपाला कोठे भोक असेल, तर भोवतालचे पाणी आत ओढले जाते, आणि पुढच्या पुरवठ्याच्या सुरुवातीला तेच टाकीत पडते. जुन्या सोसायट्यांची लोखंडी जोडणी अनेकदा गटाराला चिकटून किंवा त्यातूनच गेलेली असते. ती खणून पाहावी आणि गटारापासून दूर हलवून घ्यावी. तोवर सुरुवातीचे पाणी टाकीत घेऊ नये. पाण्यातील क्लोरीन मोजण्याचे साधे किट मिळते. नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी क्लोरीन सातत्याने येत असेल तर ते पाणी प्रयोगशाळेत पाठवावे, आणि नमुना भूमिगत टाकीतून न घेता थेट जोडणीच्या नळातून घ्यावा. केवळ गंजाने पाणी पिवळे होत असेल तर तेथेच निश्चित होईल.

उत्तर ४: सोसायटी कार्यकारिणी सदस्य, बोरिवली

तांत्रिक बाजू वर आली आहे, मी कागदांविषयी लिहितो. विकासकाला भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्याच्याकडून काम करून घेणे शक्य असते, त्यानंतर पत्रांना उत्तरे येणे कमी होत जाते. म्हणून पातळ्यांचा तक्ता, छायाचित्रे आणि कॅमेऱ्याचे चित्रीकरण जोडून महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाकडे आणि इमारत प्रस्ताव विभागाकडे एकाच मजकुराचे पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि संयुक्त पाहणीची मागणी करावी. '१९१६'वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक पत्रात घालावा. नव्या इमारतीच्या मलवाहिनी व पर्जन्य जलवाहिनीच्या मंजुरीची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मागता येतात, शुल्क १० रुपये आणि मुदत ३० दिवसांची आहे. पत्रात 'नुकसानभरपाई' हा शब्द पहिल्याच ओळीत घालू नये असे माझे मत आहे. तो दिसला की पत्र विधी विभागाकडे जाते आणि पाहणी मागे पडते.

पुनर्विकास होणारच आहे म्हणून खर्च टाळणाऱ्या सभासदांना एवढेच विचारावे की देकार मागवण्यापासून घरे रिकामी होईपर्यंत किती पावसाळे जातात.

प्रश्नकर्त्याची नोंद: सोसायटी सचिव, विलेपार्ले (पूर्व)

सर्वांचे आभार. पातळ्या मोजल्या. रस्त्यावरील मॅनहोलचे झाकण आमच्या शेवटच्या चेंबरपेक्षा ३१ सेंटिमीटर उंच आहे आणि तळमजल्याच्या कमोडची कड त्या झाकणापेक्षा थोडी खालीच येते. सळईला राखाडी खरखरीत थर लागला, तुकडा ठेवला आहे. गच्चीवरून खाली येणारे चार पाईप तपासले. त्यांपैकी तीन आवारातील उघड्या गटारात जातात आणि चौथा, मागच्या कोपऱ्यातील, मैल्याच्या चेंबरमध्ये. तो कोणत्या काळात जोडला गेला हे सांगू शकेल असे इमारतीत कोणी उरलेले नाही. शेजारच्या पंपाचे पाणी नेमके कोठे जाते ते मात्र कळलेले नाही, कारण त्याचा पाईप पत्र्यांच्या आडून जातो.

उत्तर: निवृत्त स्थापत्य अभियंता, दादर

चौथा पाईप आधी तोडून उघड्या गटारात सोडावा, आणि पत्र त्यानंतरच द्यावे. संयुक्त पाहणीत विकासकाचा अभियंता पहिले बोट त्याच पाइपाकडे दाखवील. पंपाच्या पाण्यासाठी पत्र्यांच्या आत जाण्याची आवश्यकता नाही. पंप चालू असताना कोरड्या दिवशी, पहाटे लोक उठण्यापूर्वी, रस्त्यावरील मॅनहोल महापालिकेच्या माणसांकडून उघडून घ्यावे आणि प्रवाहाच्या दिशेने बांधकामाच्या आधीच्या (वरच्या) व नंतरच्या (खालच्या) अशा दोन्ही मॅनहोलांतील प्रवाह पाहावा. वरच्यात जवळपास काही नाही आणि खालच्यात गढूळ पाणी वाहते आहे असे दिसले, तर पाहणीच्या अहवालात तेवढे एक वाक्य लिहून घ्यावे. आवारातील कोणती वाहिनी कोठे मिळते याची शंका राहिल्यास फ्लोरेसिनचा हिरवा रंग वापरावा. पोटॅशियम परमँगनेट स्वस्त असले तरी मैल्यात त्याचा रंग लवकर जातो. आणि तळमजल्याची स्वतंत्र वाहिनी या सर्वांची वाट न पाहता मे महिन्यापूर्वी टाकून घ्यावी. रस्ता काही पुन्हा खाली जाणार नाही, त्यामुळे शेजारच्या गाळाचा निकाल कसाही लागला तरी ती वाहिनी आपल्याला लागणारच आहे.