पंधराव्या वर्षी वाइल्ड कार्ड: मानस धामणेच्या निमित्ताने

चिपअँडचार्ज (धागाकर्ता)

टाटा ओपन महाराष्ट्र टेनिस स्पर्धा, बालेवाडी, जानेवारी 2023. पुण्याचा मानस धामणे, वय 15, वाइल्ड कार्डवर (क्रमवारी पुरेशी नसताना आयोजकांनी दिलेली जागा) थेट मुख्य फेरीत. समोर अमेरिकेचा मायकेल ममोह. निकाल 2-6, 4-6. पेपरांनी कौतुक केलं, त्यात गैर काही नाही. त्या वयात त्या पातळीच्या माणसाकडून दुसऱ्या सेटमध्ये चार गेम काढणं सोपं नसतं.

आता ती स्पर्धा हाँगकाँगला गेली आहे, तेव्हा कौतुक बाजूला ठेवून हिशेब मांडू. ही एटीपी 250, म्हणजे पुरुषांच्या मुख्य दौऱ्यातली स्पर्धा. तिच्या पहिल्या फेरीत हरलात की गुण मिळतात शून्य. पुरुषांच्या सगळ्यात खालच्या एम15 स्पर्धेत विजेत्याला 15, उपविजेत्याला 8, उपांत्य फेरीला 4, उपांत्यपूर्वला 2 आणि एक सामना जिंकला तर 1. क्रमवारी तिथे सुरू होते. एका 250 ला नुसत्या बक्षिसांचा खर्च सहा लाख डॉलरच्या आसपास जायचा. एम15 चं बक्षीस 15,000 डॉलर. म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्शात महाराष्ट्रात लागोपाठ चार आठवडे स्पर्धा होतात, आणि एकाच्या जागी वीस पोरं खेळतात.

माझं मत: पंधराव्या वर्षीचं असलं वाइल्ड कार्ड प्रायोजकांच्या कामाचं असतं, खेळाडूच्या नाही.

सेकंडसर्व्ह

साफ असहमत. वाइल्ड कार्ड गुणांसाठी घेतच नाहीत, मोजमापासाठी घेतात. ज्युनियर गटात दुसरी सर्व्हिस नुसती आत पडली तरी खपून जाते. पहिल्या शंभराच्या आसपासचा माणूस तीच सर्व्हिस बेसलाइनच्या आत येऊन मारतो. हार्डकोर्टवर बहुतेक पॉइंट पहिल्या चार फटक्यांत संपतात, त्यामुळे तुमचा फोरहँड कितीही देखणा असला तरी तो वापरायची पाळीच येत नाही. हे कोचने शंभरदा सांगून समजत नाही, एका सामन्यात समजतं. सामन्यानंतर दोनच आकडे काढायचे: दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेले पॉइंट आणि सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पडलेले रिटर्न. पुढच्या सहा महिन्यांचा सराव त्यावर बसवायचा.

आणि मानस ज्या इटलीतल्या बोर्डिगेराच्या पियाटी अकादमीत सराव करतो, तिथूनच आलेला यानिक सिनर, जो नंतर जगात पहिला आला. 2019 च्या फेब्रुवारीत बर्गामो चॅलेंजरला (एटीपी दौऱ्याच्या खालची पायरी) तो वाइल्ड कार्डवरच खेळला, क्रमवारीत पाचशेच्या बाहेर असताना. आणि स्पर्धा जिंकली.

चिपअँडचार्ज

तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे. सिनर तेव्हा साडेसतरा वर्षांचा होता आणि ते चॅलेंजर होतं. वय अडीच वर्षांनी जास्त, स्पर्धा एक पायरी खाली. शिवाय त्याने ज्युनियर स्पर्धा फारशा खेळल्याच नाहीत, ज्युनियर क्रमवारीत तो कधी पहिल्या शंभरात नव्हता. अकादमीने त्याला आधी फ्युचर्समध्ये (एम15 सारख्या खालच्या स्पर्धांत) मार खायला पाठवलं. मीही तेच म्हणतोय.

रीळ200मीटर

दोघेही खर्चावर बोलत नाही आहात. एम15 ला मुख्य फेरीत पहिला सामना हरलात तर 156 डॉलर, म्हणजे साधारण 13 हजार रुपये. एक जिंकून दुसरा हरलात तर 258. स्पर्धा जिंकलात तरी 2,160. कर कापला जातो तो वेगळा.

आता नुसत्या तारांचं बघा. एका रॅकेटला सुमारे 12 मीटर पॉलिएस्टर तार लागते, 200 मीटरच्या रिळात सोळा रॅकेट होतात. जोरात मारणाऱ्या मुलाची पॉली तुटली नाही तरी आठ-दहा तासांत मरते, चेंडू लांब जायला लागतो. सामन्याला दोन-तीन ताज्या रॅकेट पाहिजेत, सराव वेगळा. दोन आठवड्यांत रीळ संपतं. स्पर्धेच्या ठिकाणी तार भरून घेतली तर प्रत्येक रॅकेटची मजुरी वेगळी, म्हणून बरेच जण छोटं मशीनच बॅगेत घालून फिरतात. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर, बंगळूर 900 च्या वर. उंचीवर चेंडू लांब जातो, म्हणून ट्युनिशियातल्या समुद्रकाठच्या मोनास्तिरहून इकडे आलात की तारांचा ताण किलोभर वाढवावा लागतो, नाहीतर पहिला सेट चेंडू बाहेर मारण्यातच जातो.

मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख इथे आठवड्यामागून आठवडे एम15 चालतात. तिकडे गर्दी का होते? विमानाचं तिकीट एकदाच काढावं लागतं. आपल्याकडे चार आठवडे सलग असतील तरच या धाग्यातल्या सूचनेला अर्थ आहे. एक पुण्यात आणि पुढची तीन महिन्यांनी, असं असेल तर काही उपयोग नाही.

ड्यूसकोर्ट

त्यात व्हिसा धरा. प्रवेशिकेची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या 18 दिवस आधी, माघार घ्यायची 13 दिवस आधी. शेंगेनची (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाची) अपॉइंटमेंट त्या वेळेत मिळेलच असं नाही. आणि मिळाला तरी 180 दिवसांत 90 दिवस. इटलीत कायम सराव करायचा तर दीर्घ मुदतीचाच व्हिसा लागतो. युरोपातला सतरा वर्षांचा मुलगा बुधवारी हरला की ट्रेनने पुढच्या गावी जाऊन पात्रता फेरी खेळतो. आपल्याला ते जमत नाही.

लेटकॉल

वाइल्ड कार्डविरुद्ध सरसकट बोलणाऱ्यांनी मुंबई ओपन 2025 आठवावं. माया राजेश्वरन, वय 15, कोइम्बतूरची. डब्ल्यूटीए 125 ला (महिलांच्या मुख्य दौऱ्याच्या खालची पायरी) वाइल्ड कार्ड मिळालं ते पात्रता फेरीसाठी. पात्रतेतून वर आली आणि थेट उपांत्य फेरी गाठली, तिथे जिल टाइशमनकडून हरली. यात गुणही आले, पैसेही आले, सामनेही आले.

मुलींच्या बाबतीत तर वाइल्ड कार्ड जास्तच मोलाचं. वयाच्या नियमाने 15 व्या वर्षी मूळ मर्यादा 10 व्यावसायिक स्पर्धांची, 16 व्या वर्षी 12, 17 व्या वर्षी 16. चांगल्या कामगिरीवर थोड्या वाढवून मिळतात. जेनिफर कॅप्रिआती तेराव्या वर्षी व्यावसायिक दौऱ्यावर आली, पुढे कमी वयातल्या ताणाने तिची जी फरफट झाली त्यानंतर 1995 पासून हा नियम कडक झाला. मोजक्याच स्पर्धा खेळता येणार असतील तर त्या कुठल्या, हे महत्त्वाचं.

चिपअँडचार्ज

पात्रता फेरीचं वाइल्ड कार्ड मला शंभर टक्के मान्य. तिथे समोर आपल्या आसपासचा खेळाडू येतो, जिंकायची शक्यता असते. आक्षेप मुख्य फेरीच्या थेट जागेला आहे. आणि पंधराव्या वर्षी मुलगी ताकदीने मोठ्यांच्या जितकी जवळ असते तितका मुलगा नसतो. मायाचा दाखला मुलांना लावू नका.

फिजिओ_नेटवर

या शेवटच्या मुद्द्यावर. या वयात उंची वाढत असते, आणि मणक्याच्या खालच्या भागात, बहुतेकदा पाचव्या लंबर मणक्यात, ताणाने बारीक फ्रॅक्चर होणं टेनिसमध्ये नेहमीचं आहे. किक सर्व्हला (फिरकी देऊन उसळवलेली सर्व्हिस) पाठ मागे वाकून वळते, तिथेच भार येतो. मोठ्यांशी सामना म्हटलं की मुलगा महिनाभर आधी सर्व्हिसचा वेग वाढवायला जातो. चूक तिथे होते. पाठीत एका बाजूला, मागे वाकल्यावर दुखत असेल तर सर्व्हिस बंद आणि एमआरआय; बाम चोळून खेळवू नका. सामना 250 चा की एम15 चा याने मणक्याला फरक पडत नाही. फरक पडतो आठवड्याला किती सर्व्हिस मारल्या याने. चार आठवडे सलग खेळवणाऱ्यांनीही हे ऐकावं.

नोअ‍ॅड

खरा प्रश्न 18 व्या वर्षीचा आहे: दौरा की अमेरिकन कॉलेज. माझं मत कॉलेज. बेन शेल्टन 2022 चा एनसीएए (अमेरिकन कॉलेजांची स्पर्धा) विजेता, 2023 मध्ये यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत. आपला सोमदेव देववर्मन 2007 आणि 2008 असा दोनदा विजेता. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम कॉलेजची. तिथलाच व्हॅलेंटिन वाशरो: 2024 मध्ये बालेवाडीचं चॅलेंजर जिंकला, आणि 2025 मध्ये पात्रता फेरीतून येऊन शांघाय मास्टर्स. अंतिम फेरीत हरवलं कोणाला, तर स्वतःच्या मावसभावाला, तोही त्याच कॉलेजचा! कोर्ट, फिजिओ, तार, जेवण सगळं फुकट, आणि दर आठवड्याला दमदार सामने.

सेकंडसर्व्ह

फुकट सगळ्यांना नाही. 2025 पर्यंत पुरुषांच्या संघाला 4.5 शिष्यवृत्त्याच होत्या, आठ-दहा जणांत वाटलेल्या. जानेवारी ते मे संघाचे सामने, त्या काळात क्रमवारीचे गुण जवळजवळ थांबतात. बक्षिसाच्या रकमेचीही भानगड: इतकी वर्षं नियम असा होता की प्रवेशाआधी वर्षाला 10,000 डॉलरपर्यंत चालेल, वरचं प्रत्यक्ष खर्चाएवढंच. त्यामुळे पंधराव्या वर्षी 250 खेळून मिळालेल्या पैशाच्याही पावत्या जपाव्या लागत. बोर्डिगेरात चार वर्षं घातलेल्या मुलाने क्ले (मातीचं कोर्ट) सोडून टेक्सासच्या हार्डकोर्टवर दुहेरीचे सेट का खेळावेत?

रीळ200मीटर

कारण सुमित नागल. 2015 ला विम्बल्डन ज्युनियर दुहेरी जिंकलेला, 2023 च्या सप्टेंबरमध्ये भारताचा एकेरीतला पहिला क्रमांक, आणि खात्यात 900 युरो असल्याचं त्याने स्वतः सांगितलं. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रतेतून येऊन बुब्लिकला हरवलं, 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर आले, जुलैत 68 वा. दोन्ही टोकांमध्ये एक सामना. 2025 ला तिथे पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही 35,000 मिळत होते. त्या दारापर्यंत पोचायला क्रमांक साधारण 220-230 लागतो. तिथपर्यंतची चार-पाच वर्षं कोण पोसणार, ते आधी ठरवा, मग वाइल्ड कार्डवर भांडा.

चिपअँडचार्ज

म्हणूनच घरच्या स्पर्धा म्हणतोय ना!

ड्यूसकोर्ट

घरच्याच खेळून पाचशेपर्यंत आलेले क्लेवर युरोपात पहिल्या फेरीत बाहेर पडतात, हेही लिहा. चारपैकी दोन आठवडे तरी क्लेवर ठेवणार असाल तर माझा पाठिंबा. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पात्रता फेरी ठेवलीत तर निकाल उष्माघात ठरवेल.